शेऱ्याचा रकाना

रस्त्याची ताकद मोजायला निघताना माझ्या पिशवीत चौदा वस्तू असतात. पांढरा ऑइलपेंट, ब्रश, टेप, थर्मामीटर, रस्त्याचं तापमान घेताना भोकात ओतायला ग्लिसरीनची बाटली, छिन्नी, हातोडा, टायरमधली हवा बघायचा गेज, मातीचे नमुने ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांना बांधायच्या चिठ्ठ्या, टोपी, पेन आणि पेन्सिल. पेन्सिल यासाठी, की उन्हात पेन कधी कधी रुसतं. चौदावी वस्तू म्हणजे या तेरा वस्तूंची यादी. नवरा मला चिडवतो, "यादीच विसरलीस तर?" म्हणून यादीची एक प्रत गाडीच्या कप्प्यातही असते.

ही सवय वडिलांची. ते फौजेत होते. सुट्टी संपवून परत निघताना त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असायचा. एकेक वस्तू ट्रंकेत गेली की ते कागदावर टिक करायचे. कृष्णाकाठच्या आमच्या घरात बारा महिने ऊस, म्हशी आणि पाहुणे यांचा गलका असे. त्या गलक्यात तो कागद मला फार आवडायचा. त्यावरचं सगळं जागच्या जागी असायचं.

पुढे मी अभियंता झाले, रस्त्यांच्या खात्यात लागले, आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर सत्तावीस वर्षं काढली. या काळात याद्यांनी मला पुष्कळदा वाचवलं. एकदा मात्र माझ्याच यादीनं मला तोंडघशी पाडलं असतं. पाडलं नाही, ते काही माणसांमुळे. त्यांचे आभार मी त्या वेळी नीट मानले नाहीत. घाईत होते. ते आता मानते आहे.

आधी काम काय असतं ते सांगते.

डांबरी रस्ता वरून कसा दिसतो ते कुणालाही दिसतं. पण वरचं डांबर म्हणजे घरावरचा रंग. त्याच्या खाली खडी असते, तिच्या खाली मुरूम आणि सगळ्यात खाली मूळची माती. गाडीचं चाक वरून गेलं की हे सगळं मिळून केसभर दबतं आणि चाक पुढं गेलं की परत वर येतं. चांगला रस्ता जेमतेम दबतो. खालून ढिला झालेला जास्त दबतो, आणि असा रस्ता वरून कितीही काळाभोर, गुळगुळीत असला तरी तो फार दिवस टिकत नाही.

हे दबणं मोजायला आमच्याकडे बीम असतो. बारा फुटी, सडपातळ, ॲल्युमिनियमचा. दगड भरलेला टिपर घ्यायचा, त्याच्या मागच्या चाकांवर ठरलेलं वजन आहे ना ते वजनकाट्यावर तपासायचं, रस्त्यावर पांढऱ्या खुणा करून एका खुणेवर मागचं जोडचाक आणून उभं करायचं. त्या दोन टायरांच्या फटीत बीमचं टोक सरकवायचं. मग टिपर गोगलगायीसारखा पुढं न्यायचा. दबलेला रस्ता उठतो, त्याच्याबरोबर बीमचं टोक उठतं आणि दुसऱ्या टोकाला घड्याळासारख्या डायलवर काटा फिरतो. तो आकडा लिहायचा. पुढच्या खुणेवर जायचं. एका दिवसात शंभर वेळा हेच. मोठ्या रस्त्यांवर आता वजन आपटून मोजणारं यंत्र येतं, ते संगणकाला जोडलेलं असतं. आमच्यासारख्या आडवाटेच्या रस्त्यांच्या वाट्याला अजून बीमच येतो.

हे मोजमाप कशासाठी, तर दुरुस्तीसाठी. सगळ्या रस्त्याला जाड थर कधीच मिळत नाही. कुठं जाड थर द्यायचा, कुठं नुसते खड्डे बुजवून पातळ हात फिरवायचा, हे आकड्यांवरून ठरवायचं. ती यादी माझ्या सहीनं जाते.

ही गोष्ट आहे विटा आणि म्हसवड यांच्या मधल्या माळावरच्या एका अकरा किलोमीटरच्या रस्त्याची. मोठ्या रस्त्याचा फाटा सोडून आत गेलं की शेवटी एक गाव. गावातली निम्मी कर्ती माणसं सोनं गाळायच्या दुकानांवर, कुणी तमिळनाडूत, कुणी बंगालमध्ये. गावात राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. दुचाकीवर मागं बसवून कुणाला कॉलेजला सोडायचं म्हटलं तर सोडणारं माणूसच घरात नाही. त्यामुळे एसटी. रात्री मुक्कामाला येते आणि सकाळी पावणेसातला विट्याला निघते.

आमच्याकडे त्या रस्त्यासाठी जाड थर दोन किलोमीटरचाच होता. तो कुठं द्यायचा हे सांगायला मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी तिथं गेले.

बरोबर प्रयोगशाळेतला सहायक होता आणि भाड्याचा टिपर. टिपरवाला खटाव तालुक्यातला, पस्तिशीचा, बोलका. उसाचा हंगाम संपल्यामुळे रिकामा होता. केबिनमध्ये सिद्धनाथाचा फोटो, त्याला ताजा हार.

"मॅडम, मला एक सांगा," तो पहिल्याच खुणेवर म्हणाला. "दगड भरायचं, दिवसभर हिंडवायचं, आन संध्याकाळी हायत तिथंच नेऊन वतायचं. ह्यात काम कुठं झालं?"

"तुम्ही हळू चालवा. काम आम्ही करतो."

"ह्याच्यापेक्षा हळू म्हंजी उभंच की!"

गावापासून चार-पाच किलोमीटरवर एक म्हातारा माणूस आमची वाट बघत बसला होता. खाकी शर्ट, धोतर, मांडीवर फावडं. मी ओळखलं, हा आमच्याच खात्यातला. पूर्वी दर काही किलोमीटरला खात्याचा एक माणूस नेमलेला असायचा. फावडं, घमेलं आणि तेवढा रस्ता, एवढा त्याचा संसार. खड्डा बुजवायचा, कडेची चर मोकळी ठेवायची, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि काव लावायची. मैलमजूर म्हणायचे त्याला. आता ती जागा कुणी भरत नाही. हे मामा निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण फावडं सुटलं नव्हतं.

ते दोन खुणा नुसते बघत राहिले. तिसऱ्या खुणेवर डायलजवळ येऊन बसले.

"बाई, आता ह्यो काटा काय सांगतोय?"

"रस्ता बरा आहे म्हणतोय, मामा. फार चांगला नाही, फार वाईट नाही."

"आता बराच सांगनार त्यो. वाळल्याला हाय. वाळल्यावर भाकरी बी कडक लागती." त्यांनी हात उसाकडं केला. रस्त्याच्या वरच्या अंगाला हिरवागार ऊस उभा होता. "कालव्याचं पानी सुटल्यावर या. मग ह्येला इचारा."

त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात याच तुकड्यात एसटीचं चाक पोटापर्यंत रुतलं होतं. डेपोनं गाडी फाट्यावरच थांबवली. गावातून फाटा अकरा किलोमीटर. दिवाळीत कुणीतरी येऊन रुतलेल्या जागी खडी टाकली, सगळ्या तुकड्यावर पातळ थर फिरवला, आणि रस्ता नवरीसारखा दिसायला लागला. पण मामांच्या नातीचे तोपर्यंत कितीतरी दिवस बुडाले होते. ती विट्याला नर्सिंग करते. मुलगा-सून दुकानावर कोईमतूरला, नात आजोबांजवळ. "यंदा हजरी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देनार न्हाईत म्हनत्यात," मामा म्हणाले. "शेवटचं वरीस हाय तिचं."

"म्हंजी मामा, नातीसाठी रस्ता मागताय व्हय?" टिपरवाल्यानं केबिनमधून डोकं काढलं.

"तिच्यासाठीच मागतोय. लाज कसली? तू काय बापासाठी टिपर चालवतोस? पोरांसाठीच की."

टिपरवाला हसून आत गेला. मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिकांचे म्हणणे: कालव्याचे पाणी सुटल्यावर पुन्हा पाहावे. मागील पावसाळ्यात एसटी रुतली.' मामांनी माझा नंबर मागितला. मी चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ती चष्म्याच्या घरात ठेवली.

आता माझी चूक.

आमच्या तक्त्यात अगदी वर एक ओळ असते, भूभाग. मोजणी खरं तर पावसाळा संपल्यावर, जमीन ओली आणि मऊ असताना करायची. कोरड्या दिवसांत केली तर ओलाव्यासाठी आकडा वाढवून धरायचा. जिथं पाऊस भरपूर तिथं जास्त वाढवायचा, जिथं कमी तिथं थोडा. त्या ओळीत मी लिहिलं, 'दुष्काळी, कोरडा'. माण, खटाव, आटपाडी, खानापूरचा हा सगळा पट्टा. वीस वर्षं मी त्या ओळीत हेच लिहीत आले होते. आमच्याकडे सगळेच लिहितात. भाषणात म्हणतात, अर्जात म्हणतात, लग्नात पंगतीला बसल्यावरही कुणी पाण्याचा तांब्या पुढं करताना म्हणतं, आमचा भाग दुष्काळी हो.

आणि खालून कृष्णेचं पाणी उचलून डोंगरावर चढवून तिथं आणून सोडल्याला कितीतरी वर्षं झाली होती. ज्या माळावर मेंढरं कुसळं चघळत फिरायची तिथं ऊस होता, डाळिंब होतं. येताना जीपमधून बघून मी स्वतः सहायकाला म्हणाले होते, "काय हिरवं झालंय बघ सगळं." आणि माझाच हात तासाभरानं 'कोरडा' लिहून मोकळा झाला.

आकड्यांत उसाचा तुकडा आणि गावापुढचा तुकडा जवळजवळ सारखे आले. गावापुढं खड्डेच खड्डे, भेगांचं जाळं. उसाचा तुकडा गुळगुळीत. मग जाड थर गावापुढच्या दोन किलोमीटरला. यादी छापायला घेतली तेव्हा शेऱ्याचा रकाना पानाबाहेर जात होता. कागद आडवा केला असता तर बसला असता, पण बाकीच्या सगळ्या याद्या उभ्या होत्या. मी तो रकाना लपवला. एका क्लिकमध्ये लपतो. यादी देखणी झाली, सही केली, गेली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला.

"बाई, पानी सुटलंय. येताय न्हवं?"

मला आधी उलगडाच होईना. मग चष्म्याचं घर आठवलं. मी म्हणाले, "मामा, ती यादी गेली हो."

"गेली म्हंजी? कुठं गेली?"

"साहेबांकडं."

"मग सायबांस्नी म्हनावं, वाईच माघारी द्या." आणि जरा थांबून, "आवं, तुमी लिवून घेतलं हुतं की. मी बघितलं ना. पेन्शिलीनं लिवलं तुमी."

फोन ठेवून मी संगणकावर तो रकाना उघडला. बाकी साऱ्या ओळींवर तिथं 'काही नाही' असं होतं. एकाच ओळीवर दोन वाक्यं होती. ती वाचून माझे कान गरम झाले.

त्या शनिवारी सुट्टी होती. आदल्या दिवशी मी माहेरी गेले आणि पहाटे तिथून गाडी काढली. साडेसहाला उसापाशी पोचले. मामा उभे होते. कालव्याच्या पोटपाटातून पाणी वावरात खेळत होतं, सरीसरीतून. रस्त्याच्या वरच्या कडेला जिथं चर असायला हवी तिथं चरच नव्हती. ऊस थेट डांबराला टेकला होता. पाण्याला जायला वाट नाही, मग ते जाणार कुठं? रस्त्याच्या पोटात.

"हिथं उभ्या ऱ्हावा," मामांनी एक जागा दाखवली. "चपला काढा. गाडी येतीय."

एसटी आली. खिडकीत पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी होती. तिनं आजोबांना हात केला, माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी असलेली, हातात चपला घेतलेली बाई बघून कुणीही बघेल. गाडी पुढ्यातून गेली तेव्हा तळव्यांखाली रस्ता हलला. मोठं काही नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवल्यावर कातडी थरथरते तसं. आणि चाक गेलं त्या जागी, त्या गुळगुळीत डांबरात मला एप्रिलमध्ये दिसलीही नव्हती अशी एक बारीक भेग होती. तिच्यातून गढूळ पाण्याची ओळ वर आली, क्षणभर चमकली आणि परत आत गेली.

मी खाली बसून कडेची माती उकरली. एप्रिलमध्ये हीच माती बोटांतून पिठासारखी सांडली होती. आता लाडू वळला. लाडवावर माझी पाची बोटं उठली.

"काय म्हनतोय रस्ता, बाई?" मामांनी विचारलं.

"चुकलं माझं, मामा."

"चुकू दे. अजून डांबर पडलं न्हाई न्हवं?"

हे वाक्य मी त्यांच्याकडून आयुष्यभरासाठी घेतलं आहे. त्यांनी ते सहज म्हटलं, फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेता घेता.

सोमवारी साहेबांसमोर गेले. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. काय काय सांगायचं त्याचे सात मुद्दे लिहून नेले होते. दुसऱ्यावरच त्यांनी हात वर केला.

"पुन्हा मोजायला किती दिवस?"

"दोन."

"कंत्राटदाराचं यंत्र पुढच्या सोमवारी लागतंय. त्याच्या आत?"

"आत. पण साहेब, यादी माझ्या सहीनं गेली होती, तेव्हा चूक..."

"ते कळलं मला. टिपर कुणाचा आणताय?"

एवढंच. मी उरलेले पाच मुद्दे घडी घालून पर्समध्ये ठेवले. तो कागद अजून आहे. रागावायचा पूर्ण हक्क असताना त्यांनी टिपरचं विचारलं, याचं मोल मला त्या दिवशीपेक्षा आज जास्त कळतं.

टिपरवाला मुरमाच्या कामावर लागला होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, पुन्यांदा त्योच रस्ता? त्यो काय पळून चाललाय?" पण आला. मालकाला काय सांगून आला मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नात हाय न्हवं मामाची. शिकू दे की."

या वेळी गावात बातमी आधीच पोचली होती. गावापुढच्या पहिल्या खुणेवर सरपंचबाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, साडीवर नवऱ्याचा शर्ट, पायांना माती. थेट रानातून आलेल्या. नवरा बंगालमध्ये दुकानावर, इथली शेती आणि ग्रामपंचायत त्या एकट्या बघत.

"मॅडम, आमी ऐकलं ते खरं का? गावापुढं खड्डं, आन जाड डांबर उसाला?"

"अजून ठरलं नाही. आज मोजून ठरेल."

"उसाला खत घालत्यात वो. डांबर घालत्यात व्हय?"

मागं जमलेल्या बायका हसल्या. टिपरवाला तर स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. मला खरं म्हणजे राग यायला हवा होता, पण प्रश्न बरोबर होता. खड्डे त्यांच्या दारात होते. मी म्हणाले, "सरपंचबाई, खाली बसा इथं. काटा तुम्हीच बघा. मी लिहून घेते. तुम्ही सांगाल तोच आकडा."

त्या शर्टाच्या बाह्या सारून बसल्या. टिपर हलला. काटा जरासा सरकला आणि थांबला. "एवढंच?" त्या म्हणाल्या. पुढच्या खुणेवरही एवढंच. गावापुढं रस्त्याखाली पांढरा, कठीण मुरूम आहे. वरचं डांबर म्हातारं होऊन फाटलं होतं, खालचा रस्ता मात्र दगडासारखा. दहा खुणा त्या माझ्याबरोबर बसून-उठून मोजत आल्या. मग आम्ही उसाकडं गेलो.

तिथं टिपर हलला आणि काटा फिरायला लागला. फिरतच राहिला. गावापुढच्या तिप्पट गेला. सरपंचबाईंनी डायलच्या काचेवर बोट ठेवलं, जणू धरून थांबवायचा होता.

"आगं बाई! ह्ये तर उलटंच हाय सगळं."

"दिसतं ते चांगलं आणि आहे ते वाईट," मी म्हणाले. "आता गावापुढचे खड्डे नीट बुजवून पातळ थर देऊ. जाड थर इथं लागेल. नाहीतर पावसात गाडी परत फाट्यावर."

मामा उसाच्या कडेला फावडं टेकून उभे होते. ते म्हणाले, "बाई, अजून एक हाय. कितीबी जाड टाका, ही चर मोकळी केल्याबिगार उपेग न्हाई. मी हुतो तवा हिथं कमरेएवढी चर हुती. आता बुजवून दोन सऱ्या ऊस लावलाय."

"कुणाचं रान?" मी विचारलं.

मामा फावड्याची माती खरवडायला लागले. सरपंचबाई उठल्या, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "माज्या दिराचं."

"आता बसा बोलत," टिपरवाला केबिनमधून पुटपुटला, तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी तुमचं डांबर बगा. चर माज्यावर सोडा." दोन दिवसांनी मामांचा फोन आला. चर खणायला सुरुवात झाली होती. दोन सऱ्या ऊस निघाला. दीर त्यांच्याशी पुढं गौरी-गणपतीपर्यंत बोलत नव्हता. पाऊस पडूनही उसात पाणी साचलं नाही, खालच्या अंगाचं रानही तुंबलं नाही, तेव्हा कुठं त्याचा राग उतरला. हे सगळं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला मामांकडून कळलं. मी माझी चूक एका सहीनं दुरुस्त केली. त्यांना ती घरात बसून भोगावी लागली.

यादी बदलली. या वेळी कागद आडवा छापला. 'भूभाग' या ओळीत लिहिलं, 'कालव्याखालील बागायत'. ज्या गावांत टँकरमागं धावणाऱ्या बायका मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिल्या होत्या त्यांच्यासाठी हे शब्द लिहायला मिळतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मग खुशीत ठळक केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उसाच्या तुकड्याला जाड थर पडला. आता फक्त वाट बघायची होती. मामा म्हणाले, "गाडी गेली की मी तुमास्नी मिसकॉल देतो. उचलू नगा. फुकट पैसं जात्यात."

मी एक नवीन यादी काढली. तारखा खाली खाली, समोर एकच रकाना, 'गाडी'. जूनपासून रोज सकाळी सात वाजायच्या सुमारास फोन एकदा वाजून बंद पडायचा. मी चहाच्या ओट्यावरच टिक करायचे. नवऱ्याला सुरुवातीला हे हास्यास्पद वाटलं. जुलैत तोच विचारायला लागला, "गेली का गं?" पाऊस त्या वर्षी माळावरसुद्धा बरा झाला. साताऱ्यात सकाळी खिडकीवर सरी वाजत असल्या की आम्ही दोघं फोनकडं बघत बसायचो.

ऑगस्टमध्ये एक दिवस फोन आला नाही. सात, सव्वासात, साडेसात. त्या आठवड्यात तिकडं सलग पाऊस होता. मी मामांना लावला तर बंद. आठ वाजता कार्यालयाला निघायचं सोडून मी पिशवी भरायला घेतली. छिन्नी, हातोडा, टेप. नवऱ्यानं विचारलं, "बीम न्यायचाय का?" मला तेही सुचलं नव्हतं. मनात एकच चित्र होतं, उसाशेजारी कलंडलेली एसटी आणि तिच्याखाली माझी सही.

सव्वाआठला अनोळखी नंबर.

"मॅडम, मी बोलतेय. आजोबांची नात." मागं कॉलेजात असावा तसा पोरींचा आवाज होता. "आजोबांचा फोन काल चरीत पडला. चर साफ करत होते. त्यांनी मला सांगितलं होतं गाडी उसाच्या पुढं गेली की फोन कर, आणि मी विसरले. गाडी वेळेवर गेली. मी पोचले."

मी हातातली छिन्नी ओट्यावर ठेवली. "पोचलीस ना?"

"हो. आणि आजोबांनी निरोप दिलाय. टिक करा म्हणून."

त्या पावसाळ्यात गाडी एकदाही फाट्यावर थांबली नाही. पाऊस संपल्यावर, नियमानं जेव्हा जायला हवं होतं त्या दिवसांत, मी बीम घेऊन पुन्हा गेले. टिपर तोच. उसापाशी काटा थोडा सरकला आणि थांबला. सरपंचबाई या वेळी न बोलावता डायलपाशी येऊन बसल्या, आणि प्रत्येक खुणेवर आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, जशी काही त्यांचीच नोकरी होती. मामांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. टिपरवाल्याला दोनदा. "ह्यो लय हळू चालवतोय," ते म्हणाले, "ह्येला ताकद पायजे."

मुलीची हजेरी भरली. परीक्षा झाली. आता ती सांगलीला एका दवाखान्यात नोकरीला आहे आणि त्या गाडीनं जात नाही. त्या गाडीत आता दुसऱ्या मुली असतात. त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

माझ्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना आता शेवटी नाही. अनुक्रमांकानंतर लगेच आहे, रुंद, आणि सगळ्या याद्या मी आडव्या छापते. कार्यालयात नव्या लोकांना हे विचित्र वाटतं. मी त्यांना कारण सांगत नाही. रस्त्यावर घेऊन जाते आणि कडेला फावडं घेऊन कुणी बसलेलं दिसलं की गाडी थांबवायला सांगते.

यंदाही जून लागला आणि पहिल्याच ओल्या सकाळी, सात वाजता, फोन एकदा वाजून बंद पडला. मामांची नात गाडीत नाही, जाड थर जागच्या जागी आहे, मोजायला तिथं काही उरलेलं नाही. तरी रोज येतो. बंद करा म्हणून मी त्यांना सांगितलेलं नाही. ओट्यावरच्या डब्यामागं पेन्सिल ठेवलेली आहे. मी टिक करते आणि चहा गाळते.